सम्राट अशोकाला न पटलेला उन्हाळा

३१ मार्चला मी निवृत्त झालो आणि १ एप्रिलला सकाळी नऊ वाजता माझं गाव मला कामाच्या दिवशी पहिल्यांदा उजेडात दिसलं. तारीख संशयास्पद असली तरी गोष्ट खरी आहे. चौतीस वर्षं मी गासहून नालासोपारा आणि नालासोपाऱ्याहून चर्चगेट असा अंधारात गेलो आणि अंधारातच परत आलो. रविवारी उजेड असे, पण तो मिस्सा, मटण आणि झोप यांच्यात वाटला जाई. ‘आमचं गाव किती हिरवं!’ असं मी ऑफिसात छाती फुगवून सांगायचो, ते बरंचसं ऐकीव माहितीवर.

विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली ती १८६७ सालच्या १२ एप्रिलला. तेव्हा दिवसाला एकच गाडी होती. नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी उभं राहिलं की अजूनही एकच असावी असं वाटतं.

निरोप समारंभात ऑफिसने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याच्या दारात एकोणीस माड आहेत त्याला नारळ, ज्याला यापुढे वेळ बघायचं काही कारण नाही त्याला घड्याळ आणि वसईच्या एप्रिलच्या तोंडावर शाल. तिन्ही वस्तू घेऊन घरी आलो आणि जाहीर केलं की या उन्हाळ्यात आपण तीनच गोष्टी करणार. सायकल, बाग आणि करमणूक.

बायको तांदूळ निवडत होती. “म्हणजे शेजारचा नातू करतो तेच,” ती म्हणाली. “तो सहावीत आहे.”

सायकल मुलाने पाठवली. एकवीस गिअरची. आता, वसईचा हा पश्चिम पट्टा पोळपाटासारखा सपाट. इथे चढ असा नाहीच. निर्मळचं शंकराचार्यांचं मंदिर तेवढं जरा उंचावर आहे, पण तिथे पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांना गिअर चालत नाही. त्यामुळे माझे वीस गिअर कोरे करकरीत राहिले आणि एकविसावा कुठला ते मला अजून कळलेलं नाही.

वडिलांची सायकल ॲटलास होती, काळी. मागे दोन्ही बाजूंना चाफ्याच्या आणि मोगऱ्याच्या टोपल्या बांधून ते पहाटे स्टेशन गाठायचे. दुपारी ती मोकळी असली की आम्ही भावंडं तिच्यावर कैची मारायला शिकायचो. दांड्याखालून पाय घालून, अंगाचा कोयता करून. त्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद झाला तो नेमका ३ जूनला. संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवलेला आहे. इतका अचूक मुहूर्त लग्नालासुद्धा मिळत नाही.

तर पहिल्या दिवशी सकाळी मी हाफ पँट घालून, डोक्याला हेल्मेट लावून निघालो. बेत साधा होता. गासहून वाघोली, वाघोलीहून निर्मळ, निर्मळच्या तळ्याला वळसा आणि परत. पहिल्याच फाटकाशी काकू उभ्या होत्या.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही. असाच.”

काकूंच्या हातातला झाडू थांबला. ‘असाच’ हे आमच्या गावात उत्तर नाही. सायकलवरून माणूस जातो तो दूध घालायला, फुलं पोचवायला किंवा कुणी गेल्याचं सांगायला. काकूंनी माझ्याकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “कोण गेलं?”

कुणी गेलेलं नाही, हे मी त्यांना पटवून देईपर्यंत पलीकडच्या वाडीतून दोघे जण आले होते. कुणीच गेलेलं नाही म्हटल्यावर त्यांची थोडी निराशा झाली. पुढच्या फाटकाशी तेच. त्याच्या पुढच्या फाटकाशी एका मामांनी मला खुर्ची दिली, ताक दिलं आणि पेन्शन अडकली आहे का, अशी आडून चौकशी केली. पाचव्या दिवसापर्यंत गावात असं ठरलं होतं की माझी स्कूटर विकली गेली आहे, मुलगा पैसे पाठवत नाही आणि मी लाजेखातर व्यायामाचं नाव पुढे करतो आहे. सहाव्या दिवशी एका लांबच्या चुलतभावाने मला आडोशाला घेऊन “लागले तर सांग हं” म्हटलं. त्याच्याकडून मी १९९८ साली घेतलेले पैसे अजून द्यायचे आहेत, हे तो विसरला असावा. मीही आठवण केली नाही.

ज्या संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं आमचं चर्च आहे, ते वसईत जन्मले आणि १५९७ साली जपानात, नागासाकीला हुतात्मा झाले. ज्या गावाचा संत इतक्या लांब जाऊन आला नाही, तिथे वाघोलीला जाऊन परत येणाऱ्याचं कौतुक कोण करणार?

उपाय बायकोने सुचवला. “हँडलला पिशवी अडकवा.”

“कसली?”

“रिकामी.”

मी कापडी पिशवी अडकवली. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “बाजारात का?” आणि उत्तराची वाट न बघता झाडू लागल्या. मामांनी नुसता हात हलवला. रिकाम्या पिशवीने मला सन्मान परत मिळवून दिला. तेव्हापासून मी निर्मळ, भुईगाव, कळंबचा किनारा, सगळीकडे त्या पिशवीसह फिरलो. कळंबला सकाळी सात वाजता समुद्रासमोर पिशवी घेऊन उभा राहिलो, तर एका माणसाने, मासळी कोणत्या भावाने मिळाली, असं विचारलं. मी भाव सांगितला. त्याला तो महाग वाटला.

अशोकाशी गाठ पडली ती याच पिशवीयात्रेत. आमच्या शेजारचं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. तिथे एक टेकाड आहे. त्याला लोक पिढ्यान् पिढ्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. कोण हा राजा, त्याने टोपल्या विणायचं सोडून कोट का बांधला, हे विचारायची पद्धत नाही. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो कोट उकरला, तेव्हा तो स्तूप निघाला. एप्रिल हा नालासोपाऱ्यात खणण्याजोगा महिना आहे असं त्या विद्वान माणसाला का वाटलं असेल, हे मी तिथे उभं राहून घाम पुसत बराच वेळ मनात घोळवलं. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सगळ्यात आत भिक्षापात्राच्या बारीक खापऱ्या. भोवती बुद्धाच्या आठ काशाच्या मूर्ती. आमची आजी दागिने अशीच ठेवायची. डब्यात डबा, त्यात डबी, डबीत पुरचुंडी आणि पुरचुंडीत दागिने गहाण ठेवल्याची पावती.

त्याच वर्षी सोपाऱ्याच्या एका तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तुकडा मुंबईच्या संग्रहालयात गेला, पण हा लेख देशात इतर ठिकाणीही कोरलेला असल्यामुळे त्यात काय होतं ते ठाऊक आहे. घरी येऊन मी पुस्तक काढलं. अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. शिकार करत, मौजमजा करत. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. थोडक्यात, उगाच हिंडणं बंद.

म्हणजे बघा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मौर्यांच्या एवढ्या पसरलेल्या राज्यात, कुठल्या गावाला ही सूचना दगडावर कोरून द्यावी, याचा विचार झाला, तेव्हा त्यांना आमचा परिसर आठवला. इथले लोक असेच ‘असाच’ म्हणून निघत असणार. काकूंचा प्रश्न हा काकूंचा नाहीच, तो मौर्य काळापासून चालत आलेला सरकारी प्रश्न आहे.

हा शोध मी जेवताना बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितला. निवृत्तीनंतर मी केलेली ही सर्वांत मोठी चूक. दुसऱ्या दिवशी मी सायकल बाहेर काढली आणि आतून आवाज आला, “निघाली विहारयात्रा!” गॅस सिलिंडर आणायचा असला की “धर्मयात्रेला जाऊन या जरा.” दुपारी दोन वाजता पडलो की “अशोकाने लिहून ठेवलंय ते काही उगीच नाही.”

मी चार दिवस सोसलं. मग पुस्तकात पुढचं पान वाचलं. नवव्या लेखात अशोक म्हणतो की माणसं आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे विधी करतात, आणि त्यातही बायका फारच, आणि ते बरेचसे निरर्थक. या नवव्या लेखाचा तुकडा सापडला १९५६ साली, भुईगावला. भुईगाव ही माझी सासुरवाडी.

मी हे पान उघडून बायकोसमोर ठेवलं. तिने शांतपणे वाचलं.

“तुकडाच सापडला ना?” तिने विचारलं.

“हो.”

“पूर्ण दगड नाही?”

“नाही.”

“मग,” ती पान मिटत म्हणाली, “आमच्या गावच्या बायकांनी त्याचं काय केलं ते समजून घ्या.”

बागेकडे वळलो ते या पराभवानंतर. इथे एक शब्दार्थाची अडचण आहे. गासमध्ये बाग नसते, वाडी असते. बाग हौसेची, वाडी पोटाची. वाडीत केळी असतात, पोफळी असतात, माडावर चढलेल्या पानवेली असतात, मोगरा असतो. आणि कुंडी नसते. मी बाजारातून सहा कुंड्या आणल्या. त्यात टोमॅटो, तुळस आणि एक शोभेचं झाड लावलं. दुकानदाराने त्याचं जे नाव सांगितलं ते मी घरी येईपर्यंत विसरलो. शेजारच्या आजी फाटकातून आत आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर लाल लुगडं, हातात विळा. त्यांनी कुंड्या बघितल्या, मग कुंड्यांमागची पाच गुंठे मोकळी जमीन बघितली, मग पुन्हा कुंड्या. समुद्रात उभं राहून बादलीने अंघोळ करणाऱ्याकडे बघावं तशा माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कादोडी बोलीत काहीतरी बोलून गेल्या. ते मला समजलं. लिहिता येण्यासारखं नाही.

त्यानंतर महिनाभर माझी बाग हे गावाचं सार्वजनिक काम झालं. केळीला आळं केलं तर “एवढं खोल?” उथळ केलं तर “हे आळं की बशी?” एकाने सांगितलं, पाणी सकाळी घाल; दुसऱ्याने, संध्याकाळी; तिसऱ्याने दोघांची अक्कल काढली आणि रात्री घालायला सांगितलं. मी तिघांचं ऐकलं. टोमॅटो पाण्यात गेले. शोभेचं झाड मात्र सगळ्यांचा अपमान गिळून तरारून वर आलं. अजूनही त्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्यामुळे त्याबद्दल सल्ला देता येत नाही. ते जगलं त्याचं कारण बहुधा हेच.

पाणी मी बावखलातून घेत होतो. वसईबाहेरच्यांना हा शब्द माहीत नसेल. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं डबकं म्हणा, तळं म्हणा. विहिरीपेक्षा उथळ आणि पसरट. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. समुद्र एवढा जवळ असताना आमच्याकडे केळी पिकते ती या खड्ड्यांच्या जिवावर. पूर्वी बैल रहाट ओढायचे, आता मोटार ओढते. आणि आता बावखलंही कमी झाली. मातीचे डंपर येतात, रात्रीतून खड्डा बुजतो, सकाळी त्यावर प्लॉटची पाटी असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरायला लोकांना शिकवलं, तेव्हा मी चर्चगेटला होतो. मोर्चा कसा झाला ते मला रात्री जेवताना कळायचं. याचं मला आता वाईट वाटतं, आणि विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही हे कळूनही मी ते काढत नाही.

आमच्या बावखलाचं पाणी मेच्या मध्यावर तळाला गेलं. तेव्हा त्यातून चार क्रिकेटचे चेंडू, एक चप्पल आणि माझ्या भावाचं १९८३ सालापासून हरवलेलं कंपासपेटीचं झाकण निघालं. भगवानलाल इंद्रजींना काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं.

मोगऱ्याचं प्रकरण वेगळं. चौतीस वर्षं मी मोगऱ्याच्या टोपल्यांना चिकटून प्रवास केला. दादरच्या फुलबाजारात जाणारी मंडळी पहाटेच्या गाडीत चढली की डब्यातला घाम हरायचा. टोपलीला पाय लागला म्हणून मी कित्येकदा भांडलोही आहे. तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं की मोगरा कळी असतानाच तोडावा लागतो, उमलला की संपला. आणि ती कळी टोपलीत यायला कुणीतरी माझ्याही आधी उठलेलं असतं. एके दिवशी आजींबरोबर मी उतरलो ताटव्यात. दीड तास वाकून तोडल्या. आजींची टोपली भरली. माझ्या कळ्या त्यांनी तळहातावर घेतल्या, बोटाने इकडेतिकडे सारल्या आणि म्हणाल्या, “एका गजऱ्याच्या होतील.” मी खूश झालो. “लहान मुलीच्या,” त्यांनी पुरवणी जोडली.

उरली करमणूक. त्यासाठी मी मुलाकडून तीन प्रकारच्या वाहिन्यांची वर्गणी भरून घेतली होती. यादीही केली होती. आयुष्यात बघायचे राहिलेले चित्रपट, एकूण बावन्न. त्यातला पहिला अजून अर्धा बघायचा आहे.

कारण एप्रिल-मे हा आमच्याकडे मसाल्याचा हंगाम. अंगणात मिरच्या, धणे, हळकुंडं वाळत पडतात, मग ती भाजायची, कांडायची आणि वर्षभराचा मसाला काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा. सगळी आळी खोकते. शेजारी पापड, कैरीच्या फोडी. या सगळ्याला कावळ्यांपासून राखायला घरात एक बिनकामाचा माणूस लागतो. पूर्वी हे काम लहान मुलांचं होतं. यंदा सर्वानुमते माझी नेमणूक झाली. हातात काठी, डोक्यावर ऑफिसने दिलेली शाल. मी खात्यात चौतीस वर्षं राखण केली, पण कावळ्यासारखा लेखापरीक्षक बघितला नाही. आपण मोबाइलकडे कधी बघतो याची त्याला पक्की माहिती असते.

संध्याकाळी लग्नं. उपवासकाळात आमच्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे तेवढे आठवडे तुंबलेली सगळी जोडपी ईस्टरनंतर एकदम सुटतात. वर शाळेच्या सुट्ट्या आणि पुढे पाऊस. मे महिन्यात दर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या दिशेने ब्रास बँड ऐकू येतोच, आणि तो ऐकून आज आपल्याला कुठल्या मांडवात जायचं आहे ते ओळखणं हीच एक विद्या आहे. मी दोनदा चुकीच्या लग्नात जेवलो. दोन्हीकडे नातेवाईक निघाले. एका मांडवात हाउजी होती. मला पहिल्यांदाच एक ओळ लागली आणि बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता आमच्या दिवाणखान्यात समोरासमोर दोन घड्याळं आहेत आणि त्यांच्यात सात मिनिटांचा मतभेद आहे.

करमणुकीचा कळस मात्र वीज जाण्यात. मे महिन्यात, रात्री, शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असताना ती हमखास जाते. सगळ्या घरांतून एकाच वेळी एकच शब्द बाहेर पडतो आणि मग माणसं बाहेर पडतात. ओट्यावर चटया येतात, कुणीतरी ताडगोळे आणतं, सोलता सोलता बोटं काळी होतात. काकू येतात, मामा येतात, उधारी विसरलेला चुलतभाऊ येतो. सामन्याचं काय झालं हे कुणालाच माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या मनासारखा निकाल लावतो. मग माझ्या हेल्मेटवरून विषय निघतो, तिथून कुंड्यांवर येतो, आणि आजी त्यांचं ते न लिहिण्यासारखं वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणतात. लोक पोट धरून हसतात. बायको सर्वांत जास्त.

परवा रात्री अशी वीज गेली असताना मामांनी अंधारातच विचारलं, “रोज सकाळी पिशवी घेऊन जाता, येता ती रिकामीच. आणता तरी काय?”

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “धर्मयात्रेला जातात हो ते.” आणि वीज आली.

तुम्हालाही यायचं असेल तर सनसिटीकडून गासचा रस्ता धरा. दोन्ही बाजूंना मोकळं पाणथळ रान, सकाळी बगळे आणि चालायला आलेली माणसं असतात. पण या ते पावसाआधी. एकदा पाऊस लागला की तो रस्ता पाण्याखाली जातो, आणि मग एकवीस गिअर असोत की एक, सायकल डोक्यावरच घ्यावी लागते. येताना हँडलला पिशवी अडकवायला विसरू नका. माझ्यासारखी रिकामी आणू नका, थोडे बोंबील टाका त्यात. मामा वाट बघतायत.